प्रो. केरो लक्ष्मण छत्रे

अलिबागेहून समुद्रकाठाने दक्षिणेकडे दोन-तीन कोस गेले म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांत बुडालेले नागाव हे गाव लागते. अष्टागरातील ह्या गावी सुमारे १८२५ साली, ज्यांचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहोत, त्या केरो लक्ष्मण छत्रे ह्यांचा जन्म झाला. त्या वेळी कुलाब्याचे राज्य आंग्र्यांकडे होते. १८४० साली ते इंग्रजांनी खालसा केले, पुढे त्याचा कुलाबा जिल्हा झाला, आणि १९८१ पासून त्यासच आपण रायगड जिल्हा म्हणतो. तेव्हा केरूनाना हे आपल्या जिल्ह्याचेच सुपुत्र होत. पनवेलकरांस त्यांच्याविषयी अधिक आपलेपणा वाटण्यास आणखीही एक कारण आहे. ते ओघाने पुढे येईल.

बहुतेक वाचकांस त्यांचे नाव लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू एवढ्यापुरतेच ठाऊक असेल. काहींस छत्रे म्हणताच सर्कस आठवेल. परंतु ते विष्णुपंत छत्रे निराळे. आम्ही स्वतः केरूनानांकडे वळलो तो एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. वर्गात हवामानाच्या बदलाचा धडा चालला होता. जमिनीलगतची हवा तापत चालली आहे हे सर्वांस पटले. पण फार उंचावरची हवा त्याच काळात थंड होत चालली आहे, असे आम्ही सांगताच त्या मुलीने विचारले की, जेथे पक्षी नाही, विमान नाही, तेथे उष्णतामापक धरला कोणी, आणि पूर्वीपेक्षा थंड म्हणावयाचे तर पूर्वीचा आकडा लिहून ठेवला कोणी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही फळ्यावर आकृती काढून दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा आम्हांस नागावच्या ह्या मुलाची आठवण झाली.

केरूनानांचे आईबाप त्यांच्या लहानपणीच वारले. चुलत्यांच्या आश्रयाने ते मुंबईस आले व तेथे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागले. त्या काळी तेथे आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार हे गणित, पदार्थविज्ञान व ज्योतिष शिकवीत आणि बाळशास्त्री जांभेकर हेही गणिताचे अध्यापक होते. मराठी मुलाच्या कानी न्यूटनाचे नियम पडावेत, आणि ते समजावून देणारा गुरू पोंभुर्ल्याचा असावा, हा योग त्या पिढीपूर्वी कोणासही आला नव्हता. केरूनानांचे गणित चांगले होते. ऑर्लेबारसाहेबांच्या नजरेत ते भरले, आणि १८४० च्या सुमारास, म्हणजे आजच्या हिशेबाने ज्या वयात मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेस बसतो त्या वयात, ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामास लागले.

हे कुलाबा म्हणजे आपल्या जिल्ह्यातील नव्हे, तर मुंबईच्या दक्षिण टोकाचे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने तेथे वेधशाळा बांधली ती बंदरातील जहाजांच्या घड्याळांस अचूक वेळ मिळावी म्हणून. कुलाबा तेव्हा बेटच होते. मुंबईस जोडणारा बांध १८३८ साली पुरा झाला. १८४१ पासून ऑर्लेबार ह्यांच्या देखरेखीखाली ह्या वेधशाळेत एका नव्या कामास आरंभ झाला. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक असून त्याची दिशा व जोर ही क्षणोक्षणी किंचित बदलत असतात. तो बदल मोजून लिहिणे, आणि त्याबरोबरच हवेचा दाब, उष्णता व ओलावा लिहिणे, हे ते काम होय. अशी वेधस्थाने त्याच सुमारास कॅनडात टोरांटो येथे, टास्मानियात होबार्ट येथे व इतरत्र निघाली होती. एकाच वेळी सर्व पृथ्वीची नाडी पाहावी असा तो उद्योग होता.

हे काम कसे चाले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण केरूनानांची पहिली दहा वर्षे त्यातच गेली. आज यंत्र आपले आपण टिपून ठेवते. त्या वेळी फोटोग्राफीच्या साह्याने टिपणारे यंत्रदेखील नव्हते. कुलाब्यास ते १८७२ साली आले. तोवर सर्व भिस्त माणसाच्या डोळ्यांवर होती. रेशमी धाग्याने टांगलेला चुंबक, त्याच्यावर बसविलेला लहानसा आरसा, समोर दुर्बीण व मोजपट्टी. ठरल्या क्षणी दुर्बिणीस डोळा लावावयाचा आणि आकडा वहीत उतरावयाचा. मग वायुभारमापक, मग कोरड्या व ओल्या फडक्याचे दोन उष्णतामापक. पुढच्या तासास पुन्हा तेच. दिवसा तेच, रात्री तेच. आषाढातल्या पावसात, समुद्राचे पाणी खिडक्यांवर उडत असताना तेच. चुंबकाच्या जवळ जाताना अंगावर लोखंडाचा जिन्नस असता कामा नये, नाहीतर पृथ्वीच्या नाडीऐवजी कमरेच्या किल्ल्यांची नाडी वहीत उतरावयाची. सहायकांनी पाळ्या लावून घ्याव्या आणि एकाने निजावे तो दुसऱ्याने उठावे, असा तो संसार होता.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही शिक्षकी पेशात नवे असताना, एका शाळेच्या ओसरीवर उष्णतामापक टांगून रोज दुपारी बारा वाजता आकडा लिहिण्याचा परिपाठ आम्ही सुरू केला. वही आमच्याकडे होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो; परत आलो तो एकवीस घरे रिकामी. तपासणी जवळ आली होती. आम्ही सुट्टीच्या आधीचा व नंतरचा आकडा पाहिला आणि मधली एकवीस घरे एका बैठकीत भरून टाकली. आकडे मोठे सुरेख उतरले. हळूहळू कमी होत जाणारे, कोठे खोट नाही. तपासणीस आलेल्या गृहस्थांनी वही चाळली, त्या पानावर बोट ठेवले, आणि खरी हवा इतकी आज्ञाधारक असते काय, एवढेच आम्हांस विचारून वही मिटली. त्यांनी ती गोष्ट कोणास सांगितली नाही. आम्हीही आजपर्यंत सांगितली नव्हती. परंतु कुलाब्याच्या वह्यांविषयी वाचताना ती एकवीस घरे आमच्या डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत. रात्री तीन वाजताचा आकडा न पाहता लिहिण्याचा मोह त्या ओसाड बेटावर कोणास होत नसेल काय? पाहणारा तर कोणीच नव्हता.

त्या वह्यांचे पुढे काय झाले, हे काळाचा क्रम थोडा मोडून येथेच सांगतो. केरूनाना कुलाबा सोडून गेल्यास आठ वर्षे झाल्यावर, १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी, सूर्यावर एक भयंकर उत्पात झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली. कुलाब्याच्या सहायकांनी, चुंबक वेडावाकडा हलू लागलेला पाहताच, नेहमीच्या तासाची वाट न पाहता वरचेवर आकडे टिपून घेतले. ती पाने तशीच कपाटात राहिली. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील व परदेशांतील शास्त्रज्ञांनी ती उघडून पाहिली, तेव्हा त्या वादळाचा जोर किती होता हे जगास प्रथमच नीट कळले; विषुववृत्ताच्या बाजूच्या प्रदेशात त्या दिवशी कोणी असे आकडे घेतल्याचा तोच मोठा पुरावा ठरला. एकशे चव्वेचाळीस वर्षांनंतर कोणी परके लोक आपल्या हस्ताक्षरावर विसंबतील, हे त्या वेळच्या सहायकास कसे ठाऊक असावे?

१८५१ साली केरूनाना पुण्यास शिक्षक म्हणून आले आणि शेवटपर्यंत पुण्याचेच झाले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. म्हणजे ज्यांच्या हाताखालून पदवीधर तयार व्हावयाचे ते केरूनाना स्वतः पदवीवाचूनच राहिले. पुणे कॉलेजात, व पुढे त्याचेच डेक्कन कॉलेज झाले तेथे, त्यांनी गणित व पदार्थविज्ञान शिकविले. मराठीतून शास्त्र सांगता येते, हे ज्या थोड्या लोकांनी वाद न घालता करून दाखविले त्यांत त्यांची गणना केली पाहिजे. शाळांकरिता त्यांनी अंकगणित व पदार्थविज्ञान ह्यांवर पुस्तके लिहिली. मुंबईस एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली ज्ञानप्रसारक सभा काढली होती. तिच्यासाठी हवा, भरती-ओहोटी, काळसाधन अशा विषयांवर त्यांनी निबंध लिहिले. ह्या विषयांवर एक नजर टाकली तरी कुलाब्याचा समुद्र आणि वेधशाळेचे घड्याळ त्यांच्या मनातून गेले नव्हते असे दिसते.

डेक्कन कॉलेजात त्यांच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक हे एक होते. टिळकांचे गणितप्रेम ह्या गुरूजवळ वाढले, आणि पुढे वेदकाल ठरविण्यासाठी त्यांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात संपातचलनाचा जो आधार घेतला त्याचे बीजही ह्याच वर्गात पडले असावे, असा तर्क करण्यास हरकत नाही. संपातचलन म्हणजे दिवस व रात्र समान होतात तो बिंदू नक्षत्रांमधून मागे मागे सरकणे. तो सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश सरकतो. एका माणसाच्या हयातीत डोळ्यांस न जाणवणारी ही चाल. पण हजार वर्षांचे लेख जवळ असले तर ती ऋतूंचे सगळे गणित फिरवून टाकते.

ह्या हळू चालींशीच केरूनानांचे आयुष्यभराचे वैर किंवा सख्य, काय म्हणावे ते, होते. महाराष्ट्रात तेव्हा पंचांगे होत ती गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून. गणेश दैवज्ञ हे नांदगावचे, मुरुडजवळचे. म्हणजे तेही आपल्याच किनाऱ्याचे. त्यांनी १५२० साली ग्रंथ रचला तो जुन्या ग्रंथांतील ग्रह आकाशात पाहून, ताडून, जेथे जो जुळला तो घेऊन. मोठ्या डोळस माणसाचे ते काम होते. परंतु वर्षास केसाएवढी चूक राहिली तरी सवातीनशे वर्षांत तिचा दोर होतो. केरूनानांच्या काळी पंचांगात ग्रह एका ठिकाणी आणि आकाशात दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती आली होती. लोक पंचांगावर विश्वास ठेवीत, कारण पंचांग घरात होते आणि आकाशाकडे पाहण्याची सवय सुटली होती.

केरूनानांनी युरोपियन ज्योतिषाच्या आधारे नवे गणित करून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० साली छापला. यंत्र नाही, मदतनीस नाहीत. कागद, लेखणी आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहणे. नंतर आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या साह्याने १८६५ च्या सुमारास नव्या गणिताचे पंचांग निघू लागले, त्यास लोक पटवर्धनी पंचांग म्हणतात. त्यात रेवती नक्षत्रातील एक विवक्षित तारा आरंभस्थान म्हणून धरला होता. ह्यामुळे अधिक महिना व संक्रांती जुन्या पंचांगाशी जुळेनात आणि सण निराळ्या दिवशी येऊ लागले. ज्यांस ग्रहण बरोबर वेळेस लागलेले हवे होते त्यांनाही दिवाळी मात्र शेजाऱ्याबरोबरच हवी होती. तेव्हा हे पंचांग फार थोड्यांनी घेतले. आम्हांस त्या न घेणाऱ्यांचा राग येत नाही. घरातला सण ही काही गणिताची उदाहरणे सोडविण्याची जागा नव्हे. पण केरूनानांनी आकडा बदलला नाही. लोकांस आवडावा म्हणून ग्रह सरकविता येत नाही, हे ते कुलाब्यासच शिकून आले होते. टिळकांनी पुढे पंचांगशोधनाची चळवळ हाती घेतली तेव्हा तिला पाया मिळाला तो ह्याच गणिताचा.

केरूनानांच्या अभ्यासाचा आणखी एक विषय होता, तो म्हणजे सूर्यावरील डाग व पृथ्वीवरील हवापाणी ह्यांचा संबंध. जर्मनीतील श्वाबे नावाच्या एका औषधविक्याने सतरा-अठरा वर्षे रोज सूर्य पाहून हे डाग ठराविक मुदतीने वाढतात व घटतात असे १८४० नंतर थोड्याच वर्षांत प्रसिद्ध केले. ती मुदत सरासरी अकरा वर्षांची आहे हे पुढे ठरले. त्या डागांबरोबर पृथ्वीचे चुंबकत्वही हेलकावते, हे १८५२ मध्ये टोरांटो, होबार्ट इत्यादी ठिकाणच्या वह्यांवरून सिद्ध झाले. तेव्हा डाग, चुंबक आणि हवा ह्या तीन वह्या एकमेकींशेजारी ठेवून पाहावयाचे केरूनानांच्या मनात आले ह्यात नवल नाही. ह्यांतील दोन वह्या तर त्यांनी तरुणपणी आपल्या हाताने लिहिल्या होत्या.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. जमिनीलगतच्या हवेपेक्षा वरच्या हवेत ही अकरा वर्षांची भरती-ओहोटी फार स्पष्ट दिसते. आपल्याकडे सुमारे सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत हवा वर जावे तसतशी थंड होत जाते. तेथे ती शून्याखाली ऐंशी अंशांच्या आसपास असते. त्यावर ओझोन वायू सूर्याचे अतिनील किरण शोषतो, म्हणून ती पुन्हा ऊन होत जाऊन पन्नास किलोमीटरच्या सुमारास शून्य अंशाजवळ येते. तेथून पुन्हा थंडी, ती नव्वद-शंभर किलोमीटरपर्यंत. ह्या सगळ्या पट्ट्यास मध्य वातावरण म्हणतात. पन्नास किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की तिचा दाब येथल्या दाबाच्या हजारांश असतो. फुगे सहसा तेथवर पोहोचत नाहीत, आणि उपग्रह त्याहून पुष्कळ वरून फिरतात.

तेथला उष्णमान पाहण्याची एक रीत म्हणजे लायडार. स्वच्छ रात्री लेसर नावाच्या यंत्रातून हिरव्या प्रकाशाची एक अतिशय तोकडी लखलख सरळ वर सोडतात. वाटेतला हवेचा प्रत्येक थर त्यातील किंचित प्रकाश परत फेकतो, आणि खाली मोठा आरसा तो गोळा करतो. साठ किलोमीटरवरून परत येण्यास प्रकाशास एका सेकंदाचा अडीच हजारावा भाग लागतो. म्हणून परतीच्या वेळेवरून उंची कळते, आणि किती प्रकाश आला ह्यावरून त्या उंचीवर हवेचे कण किती आहेत ते कळते. मग उष्णमान कसे कळावे? आपल्या पनवेलच्या भातगिरण्यांच्या वखारीत पोत्यांची थप्पी पाहिलेल्यांस हे समजणे कठीण जाऊ नये. खालच्या पोत्यावर वरच्या सर्व पोत्यांचा भार असतो. तसेच प्रत्येक थरावर वरच्या सर्व हवेचा भार असतो, आणि वरच्या थरांत कण किती हे एकदा कळले की तो भार मांडता येतो. एवढा भार एवढ्याच कणांनी तोलून धरावयाचा तर त्यांची धावपळ किती असली पाहिजे, म्हणजे ते किती उष्ण असले पाहिजेत, हे गणिताने निघते. ही रीत तीसपासून ऐंशी किलोमीटरपर्यंत चालते. त्याखाली धुळीचे कण घोटाळा करतात. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील गदंकी येथे १९९८ पासून जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने असे यंत्र उभारलेले आहे. अबूच्या पहाडावरही असे वेध घेतले गेले. फ्रान्सच्या दक्षिण भागात एका वेधशाळेत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून हा लेख चालू आहे.

आणि ते वेध काय सांगतात? वरची हवा थंड होत आहे. स्युकुरो मनाबे व रिचर्ड वेदरॉल्ड ह्या दोघांनी १९६७ सालीच गणिताने असे सांगितले होते की, कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणजे खालची हवा तापेल व वरची निवेल. कारण खाली हा वायू जमिनीची उष्णता अडवितो, परंतु विरळ हवेत तोच आजूबाजूची उष्णता घेऊन ती आकाशात फेकून देतो. हा वायू कारखान्यांच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे. खाली सबंध पृथ्वीची सरासरी दीडशे वर्षांत अंशाहून थोडी अधिक चढली. वर मात्र, स्थळ व उंची ह्यांप्रमाणे आकडा निरनिराळा असला तरी, दर दहा वर्षांस अंश-दोन अंश, कोठे त्याहूनही अधिक, अशी घट सापडते. पण सूर्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्यामुळेही तेथील उष्णमान तेवढेच अंश वरखाली होते. म्हणून पाच वर्षांच्या आकड्यांवरून कोणी थंडी वाढली असे म्हणू लागला तर तो सूर्याच्या ओहोटीसच हवामानाचा बदल समजत असेल. दोन-तीन फेरे पुरे होऊ द्यावे लागतात. त्या तीस वर्षांत यंत्र बदलले, माणूस बदलला, जागा बदलली, तरी वही एकच असल्यासारखी राहावी लागते. केरळात थुंबा येथून १९७० नंतर वीसएक वर्षे दर बुधवारी एक लहान अग्निबाण ह्याच कामासाठी वर जात असे. तो बुधवार चुकू न देणे हेच त्या कामाचे मर्म होते. अशा सगळ्या वह्या एकत्र ताडून मध्य वातावरणाच्या वरच्या भागातील उष्णमानाचा जो पहिला मोठा आढावा २००३ साली निघाला, त्याचे नेतृत्व पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञाकडे होते. म्हणजे केरूनानांच्या पुण्यातच हे काम होत होते.

केरूनाना १८७९ साली सेवानिवृत्त झाले. सरकारने त्यांस रावबहादुर ही पदवी दिली होती. लोकांनी मात्र नाना हेच नाव ठेवले. १९ मार्च १८८४ रोजी ते वारले. त्यांच्या गणिताचा वारसा टिळकांसारख्या शिष्यांनी चालविला, आणि वेधांचा वारसा कुलाब्यास चालूच राहिला. १८९६ साली नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे त्या वेधशाळेचे मुख्य झाले. ह्या कायम पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येण्याचे ठरले. रुळांतून वाहणारी वीज चुंबकास भ्रमिष्ट करील, तेव्हा साठ वर्षांची वही तेथेच मिटण्याची वेळ आली. मूससाहेबांनी मुंबईबाहेर पुरेशी लांब, तरी समुद्रकाठची अशी नवी जागा पाहिली, तेथे लोखंडाचा खिळाही न घालता इमारत उठविली, आणि १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेवविले, जेणेकरून जुन्या वहीचे शेवटचे पान व नव्या वहीचे पहिले पान ह्यांत किती अंतर आहे ते पक्के कळावे. मगच ट्रामगाड्यांस मुंबई मोकळी झाली; त्या १९०७ साली धावू लागल्या.

ती नवी जागा म्हणजे आपले अलिबाग. त्या वह्यांचा वारसा सांगणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ साली स्वायत्त झाली, आणि आता तिचे मुख्य ठिकाण आपल्या नवीन पनवेलीस आहे. कोल्हापूरच्या रात्रीच्या आकाशातील मंद प्रकाशावरून नव्वद किलोमीटरच्या जवळपासचे उष्णमान काढण्याचे कामही ह्याच संस्थेने केले आहे. पनवेलकरांस केरूनानांविषयी आपलेपणा वाटण्याचे जे दुसरे कारण आम्ही आरंभी म्हटले ते हेच.

अलिबागेची वेधशाळा अद्याप चालू आहे. तेथे आता दुर्बिणीस डोळा लावून रात्रभर बसावे लागत नाही. पण १८४१ साली सुरू झालेली ती वही अजून मिटलेली नाही. तेथून नागाव दोन-तीन कोस.